परिभाषेच्या उंबरठ्यावरील मन

जबलपूरच्या महाविद्यालयात हिंदी माध्यमातून शिकणाऱ्या मराठी घरातील विद्यार्थ्याला प्रथम वर्षी विषयाचे नावच बदलून घ्यावे लागते. नागपूर-पुण्याच्या पुस्तकांत जे मानसशास्त्र, ते वर्गात मनोविज्ञान होते. एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते व्याख्येपाशी. हे शास्त्र ‘व्यवहारा’चा अभ्यास करते असे तेथे सांगितलेले असते, आणि मराठी कानाला व्यवहार म्हणजे देणेघेणे. हिंदीतील ‘व्यवहार’ मराठीत ‘वर्तन’ आहे. १९१३ साली वॉटसनने मांडलेला वर्तनवाद त्यामुळे व्यवहारवाद होतो आणि मराठी वाचकास तो व्यवहारी माणसाचे तत्त्वज्ञान वाटू लागतो.

शिकण्याच्या प्रक्रियेवरील प्रकरणात घोटाळा आणखी वाढतो. मराठी पुस्तके या प्रक्रियेला ‘अध्ययन’ म्हणतात, तर हिंदी पुस्तके ‘अधिगम’. हिंदीत अध्ययन म्हणजे केवळ अभ्यास. ‘शिक्षा’ हा शब्द तर सर्वांत खोडकर. हिंदीत ते शिक्षण, मराठीत तो दंड. शिक्षेचा वर्तनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न दोन भाषांत दोन वेगळे प्रबंध मागतो. तो विनोद म्हणून सोडून देता येईल. परंतु उत्तरपत्रिकेत गुण गमावणाऱ्याला त्यात विनोद आढळणार नाही.

खरे मोल मात्र ‘अचेतन’ या शब्दात मोजावे लागते. फ्रॉइडच्या विवेचनातील मनाच्या त्या अंधाऱ्या प्रदेशाला हिंदीने ‘अचेतन’ म्हटले. मराठीत अचेतन म्हणजे निर्जीव, दगडासारखे. मराठीपाशी ‘अबोध’ आहे आणि त्याहून जुना ‘नेणीव’ आहे. जाणीव-नेणीव ही जोडी हरिपाठाइतकी जुनी. संतांची नेणीव ती फ्रॉइडची नव्हे, हे उघड आहे. तेथे दडपलेल्या वासनांचा प्रश्नच नाही. तरीही त्या शब्दात जाणिवेशी असलेले नाते बोलके आहे. जे नेणिवेत आहे ते कधी तरी जाणिवेत येऊ शकते, ही शक्यता शब्दाच्या घडणीतच आहे. दगडाला ती नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पारिभाषिक शब्द यदृच्छेने ठरतात, त्यांचा अर्थ व्याख्येने बांधलेला असतो, मग घरच्या अर्थाची चिंता कशाला? पदार्थविज्ञानापुरता हा आक्षेप बराचसा मान्य करावा. ‘संवेग’ तेथे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार आहे, आणि इलेक्ट्रॉनला घरी कोणी नाव ठेवलेले नसते. हिंदी मनोविज्ञानात तोच ‘संवेग’ राग, भय, हर्ष यांचे सामान्यनाम होतो. राग आणि भय यांना मात्र विद्यार्थी शाळेत जाण्यापूर्वीपासून नावाने ओळखतो. या शास्त्राचा विषय भाषेने आधीच व्यापलेला आहे. त्या ताब्याची दखल न घेता बांधलेली व्याख्या पाठ होते आणि विद्यार्थी स्वतःच्या भयाविषयी तिच्या आधाराने काहीच विचार करू शकत नाही.

बुद्धिमापन करणाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोट्या मराठी व कन्नड मुलांसाठी नव्याने बसविल्या. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. कसोटीचे नुसते भाषांतर पुरत नाही, प्रमाणके त्या त्या भाषेतील मुलांवरूनच ठरवावी लागतात, ही त्या खटाटोपामागील जाण. परिचयग्रंथांच्या लेखकांनी मात्र ती क्वचितच घेतली. जबलपुरात तर शैक्षणिक मानसशास्त्र व मार्गदर्शन यांना वाहिलेले शासकीय महाविद्यालय आहे. तेथे या प्रश्नाची तड लागावी अशी अपेक्षा अवास्तव ठरू नये.

या गावाला दोन भाषांचा शेजार नवा नाही. १९५६ पर्यंत जबलपूर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या. नागपुरातच डॉ. रघुवीर संस्कृताधारे भारतीय भाषांसाठी समान परिभाषा घडवीत होते. धातू एक असला की अर्थही एकच राहील, हा त्यांच्या मार्गातील विश्वास होता. ‘व्यवहार’ आणि ‘शिक्षा’ हे दोन्ही शब्द संस्कृतच आहेत, आणि फारकत नेमकी तेथेच झाली. समान शब्द हा समान अर्थाचा पुरावा नव्हे, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला नव्याने सांगावे लागत नाही. परिभाषा समित्यांना बहुधा सांगावे लागते.

परीक्षेतील संज्ञा हिंदीच राहाव्यात. त्या बदलण्याचा हट्ट येथे नाही. मागणी एवढीच आहे, की प्रास्ताविक अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्यवहार, शिक्षा, अचेतन, संवेग अशा वीस-पंचवीस शब्दांचा मराठी, हिंदी आणि शक्य तेथे बुंदेली व गोंडी अर्थ वर्गातच मांडला जावा, आणि तो विद्यार्थ्यांकडूनच गोळा व्हावा. लाइपझिगच्या १८७९ च्या प्रयोगशाळेची हकीकत त्यानंतर सांगता येईल.