दिवाणखान्यातील मधुशाला

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पोटापाण्यासाठी आलेल्या पहिल्या पिढीतील सारेच निर्व्यसनी होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पगाराच्या दिवशी गुत्त्याची वाट धरणारे तेव्हाही होते. मात्र बाटली उंबरठ्याच्या आत आणायची नाही, हा दंडक पिणाराही बहुधा पाळत असे. त्याच पिढीच्या नातवंडांच्या सदनिकांत आता दिवाणखान्याचा एक कोपरा मद्यासाठी राखला जाऊ लागला आहे. व्हिस्कीत इटलीचे कडवट लाल मद्य आणि गोड व्हर्मूथ मिसळायचे, बर्फावर ढवळायचे, वर संत्र्याची साल पिळायची. की झाले सुसंस्कृत कॉकटेल!

या सुसंस्कृतपणाचा हिशेब मांडून पाहावा. 45 मिली व्हिस्की (मद्यार्क 42.8 टक्के), 30 मिली कडवट मद्य (सुमारे 25 टक्के) आणि 30 मिली व्हर्मूथ (सुमारे 15 टक्के) एकत्र केल्यास पेल्यात सुमारे 31 मिली शुद्ध मद्यार्क उतरतो. 60 मिलीच्या ज्या 'मोठ्या पेग'ला हीच मंडळी नाके मुरडतात, त्यात तो 26 मिलीहून कमी असतो. गोडव्याने घशाची जळजळ लपते, यकृताची नव्हे.

आयुर्वेदातील आसव-अरिष्टांतही मद्यार्क असतोच की, असा युक्तिवाद यावर हमखास केला जातो. असतो, पण द्राक्षासव वैद्याच्या सल्ल्याने, चमच्याने मोजून, समभाग पाण्यातून घेतले जाते. त्याची मैफल कोणी भरवत नाही.

कायद्याचे तर विस्मरणच झाले आहे. मुंबई प्रांताच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात आजही घरी व्हिस्की पिण्यासाठी परवाना लागतो आणि त्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. पाहुण्यांपुढे पेले मांडणाऱ्या किती यजमानांकडे तो असेल? राज्यघटनेच्या 47 व्या कलमातील मद्यनिषेधाचे मार्गदर्शक तत्त्व सरकारने महसुलापायी गुंडाळून ठेवले, अशी टीका करताना याच बैठकांत आवाज चढतात, हा भाग निराळा.

आणि या बैठकांत फ्रीजमधून बर्फाचा ट्रे आणून देण्याचे काम बहुतेकदा घरातील शाळकरी मुलाकडे असते.