धनी बदलला, संमतीचे काय?

न्हावा शेवा येथील पहिल्या खासगी कंटेनर टर्मिनलचा मक्ता १९९७ साली पी अँड ओ कंपनीच्या पुढाकारातील गटाकडे गेला आणि २००६ मध्ये ती कंपनीच दुबईच्या डीपी वर्ल्डने विकत घेतली, तरी बंदराशी झालेला करारनामा जागच्या जागी राहिला. कारण त्या दस्तऐवजाच्या दुसऱ्या बाजूस एक सार्वजनिक संस्था, तिचे वकील आणि तिचे दप्तर उभे होते. याच बंदरात ट्रेलर घेऊन येणारा चालक भाड्याची घासाघीस ज्या व्हॉट्सॲपवर करतो, त्याच्या अटींमागे मात्र चालकाच्या बाजूने कोणीच उभे नसते. २०१४ मध्ये फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, ते विकत घेतले. २०१६ साली अटी बदलल्या, तेव्हा जुन्या वापरकर्त्यांस आपली माहिती फेसबुकला देण्यास तीस दिवसांत नकार देण्याची निदान मुभा होती. २०२१ मध्ये तीही गेली. संदेशांचा मजकूर कुलूपबंद असतो हे खरे, परंतु दूरध्वनी क्रमांक आणि उपकरणाचा तपशील त्या कुलपाबाहेरच राहतो. २०२१ च्या या बदलाबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मेटासारख्या धनाढ्य कंपनीस तो चहापाण्याचा खर्च!

२०२३ च्या विदा संरक्षण कायद्याकडून अपेक्षा होती, पण त्याच्या कलम १७ ने न्यायालयाने वा सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणास संमतीच्या बंधनांतून सूट दिली आहे. माझ्या मते नेमक्या याच क्षणी, म्हणजे मालकी हस्तांतरित होताना, जुनी संमती रद्द समजून ती नव्या धन्याने नव्याने मागावी, आणि नकार देणाऱ्याची सेवा तेवढ्या कारणास्तव बंद करू नये, अशी दुरुस्ती संसदेने करावी.