फलाट रिकामा नाही

आमचा नातू पडद्यामागे जायचा. हॉलच्या खिडकीला जाड पडदा आहे. त्याखाली फक्त दोन पावलं दिसायची, टाचा वर उचललेली. आत चेहरा लालबुंद. पोरगं कुंथतंय, या समजुतीने आजी बाहेरून "हं... अजून थोडा जोर" अशी साथ द्यायची. पाच-सात मिनिटांनी स्वारी घाम पुसत बाहेर यायची आणि पुन्हा गाड्या खेळायला बसायची. शी झालेली नसायचीच.

तो जोर शी करण्यासाठी नव्हताच, रोखण्यासाठी होता. हे कळायला घरातल्या चार शहाण्यांना सहा महिने लागले.

सुरुवात नर्सरीच्या प्रवेशापासून झाली. डायपर सुटलेला हवा अशी अट होती, म्हणून महिनाभरात घाईघाईने सोडवला. त्यातच एकदा खडा झाला, जागा चिरली, थेंबभर रक्त आलं. तेव्हापासून त्याने स्वतःपुरता हिशेब केला: जी दुखवते तिला बाहेर येऊच द्यायचं नाही. आणि जितकं रोखावं तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, म्हणजे पुढची वेळ आणखी दुखरी.

मग चड्डीला लागायला लागलं. दिवसातून तीनदा, चारदा. पाहुण्यांसमोर मीच एकदा ओरडलो, "शी! लाज नाही वाटत?" आपल्या भाषेत त्या वस्तूचं नाव आणि किळसेचा उद्गार एकच आहे. चार वर्षांच्या मुलाने त्यातून काय समजायचं?

घरगुती इलाज सगळे झाले. भिजवलेल्या मनुका झाल्या, कोमट दुधात तूप झालं. शेजारच्या काकूंनी केळं द्या सांगितलं, वरच्या मजल्यावरून केळं बंद करा असा निरोप आला. माझ्या लहानपणी आई रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल पाजायची, तो वास आजही घशात आहे. म्हणून एरंडेलाचा विषय निघाला तसा मी उठलो आणि बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टरबाईंनी आधी सूनबाईला विचारलं, जन्मानंतरची पहिली काळी शी किती तासांनी झाली होती? ती अठ्ठेचाळीस तासांच्या पुढे गेली असेल तर आतड्याच्या जन्मजात आजाराची शंका घ्यावी लागते. आमच्याकडे पहिल्याच दिवशी झाली होती. वजन-उंची ठीक, पोट दाबून पाहिलं तर डाव्या बाजूला खाली गोळा. मग बाईंनी मोर्चा नातवाकडे वळवला.

"गाड्या आवडतात ना? बोरीवलीचा फलाट रिकामा नसला की मागची गाडी कुठे थांबते?"

"कांदिवलीच्या पुढे! सिग्नलला!" रुळांच्या बाजूच्या इमारतीत वाढलेलं पोर ते.

"तुझ्या पोटात तसंच झालंय. आणि गाडी हलेना झाली की काही माणसं उड्या मारून कडेकडेने चालायला लागतात, बघितलंयस? ते चड्डीत येतं." मग आमच्याकडे वळून: "साचून साचून शेवटचा भाग सैल पडलाय. बाजूने पातळ झिरपतं ते त्याला कळतच नाही. रागावून काय उपयोग?"

मी टेबलावरच्या काचेखालच्या तक्त्याकडे बघत बसलो. ब्रिस्टलमधल्या डॉक्टरांचा, १९९७ सालचा. शीचे सात प्रकार चित्रांसकट. पहिला म्हणजे शुद्ध मराठीत लेंड्या. आम्हाला चौथा हवा होता.

औषध म्हणजे बिनवासाची पूड, पॉलिएथिलीन ग्लायकॉल. ती रक्तात फारशी जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते. पहिले काही दिवस मोठा डोस, फलाट मोकळा करण्यासाठी. त्या आठवड्यात शाळा बंद आणि वॉशिंग मशीन दिवसभर चालू. नंतर वजनाप्रमाणे रोजचा डोस. दूध जवळजवळ लिटरभर चालायचं, ते निम्म्यावर आलं. पोट दुधानेच भरलं की भाजी-भाकरीला जागा उरत नाही. जेवण झालं की आतडं आपणहून हलतं, म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं बसायचं. झाली तर झाली, नाही झाली तर उठायचं.

बसण्यातही गोम होती. कमोडवर त्याचे पाय लोंबकळायचे. पायाखाली आधार हवा, गुडघे कमरेच्या वर हवेत, म्हणजे उकिडवं बसल्यासारखं होतं. मी जेवायचा पाट नेऊन ठेवला. "पाट? संडासात?" हिने असा आवाज लावला की मी त्याच पावली एल. टी. रोडवर जाऊन प्लॅस्टिकचं स्टूल आणलं.

दोन महिन्यांत पोरगं खुललं, पडदा मोकळा झाला. आणि तिथेच आम्ही माती खाल्ली. गणपतीला गावी निघताना पुड्यांचा डबा मुद्दाम घरी ठेवला. "बरा झालाय, आता किती दिवस देणार? सवय लागेल" हे वाक्य माझं. गावचा संडास मागच्या परसात, बल्ब मिणमिणता, कोपऱ्यात पाल. सहा दिवस तो गेलाच नाही. सातव्या दिवशी घरी परतलो, तर पावलं पुन्हा पडद्याखाली.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. या औषधाने आतडं आळशी होत नाही, म्हणाल्या. अर्धवट सोडलं तर मात्र सैल पडलेला भाग पूर्वपदावर येत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपचनतज्ज्ञांच्या २०१४ सालच्या मार्गदर्शिकेतही निदान दोन महिने औषध, त्रास पूर्ण थांबून निदान एक महिना, आणि मग हळूहळू कमी, असंच म्हटलंय. तज्ज्ञांपर्यंत पोहोचलेल्या मुलांतलीही साधारण निम्मीच सहा ते बारा महिन्यांत औषधातून सुटतात. आम्हाला मात्र सात दिवसांचा कोर्स सोडून दुसरा हिशेब ठाऊक नाही.

मग सगळं पहिल्यापासून. या वेळी मी कालनिर्णयवर खूण करायला लागलो. झाली की त्या तारखेच्या चौकोनात नातू लाल पेनाने गाडी काढतो. गाडी म्हणजे एक गोल, फार उत्साह असला तर दोन. शाळेत अजून जात नाही, घरी येईपर्यंत धरतो. बाईंशी बोलणं चालू आहे. पण गेल्या महिन्यात चोवीस गोल झाले.

परवा एक तारखेला सूनबाई दुधाचा हिशेब करायला बसली. भय्या दारात उभा. ती भिंतीवरचे लाल गोल मोजून त्याला ठणकावून सांगत होती, "चोवीस दिवस खाडा आहे, सहाच दिवसांचे पैसे होतात."