शेळी गरिबाची, अनुदान धनिकाला

‘गरिबाची गाय’ म्हणून शेळीचा गौरव करावयाचा आणि तिच्या नावाचा पैसा मात्र धनिकाच्या गोठ्यात ओतावयाचा, हा शासकीय न्याय होय. २०२१ साली पुनर्रचित झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानाने ५०० शेळ्या व २५ बोकडांच्या प्रकल्पास निम्म्या भांडवली खर्चाचे, ५० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान देऊ केले. बांधावरची शेवरी, सुबाभूळ आणि बाभळीच्या शेंगा यांवर चार उस्मानाबादी शेळ्या पोसणारी कोरडवाहू शेतकरीण या हिशेबात कोठे बसते? तिची शेळी पोरांना दूध, शेताला लेंडीखत आणि अडीनडीला रोख पैसा देते. या शेतकरणीला हवी आहे वेळेवर पीपीआरची लस, जातिवंत बोकड आणि अतिक्रमणमुक्त गायरान. या मागण्यांसाठी ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत झगडणे हेच कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.