कॉपी झाली म्हणजे काय झालं?

तेहेतीस वर्षं शाळेत काढल्यावर 'कॉपी' हा शब्द कानावर पडला की माझी मान अजूनही मागच्या बाकाकडे वळते. चिठ्ठी, बाहीत लपवलेला कागद, शेजारच्याच्या पेपरात डोकावणं... कॉपी म्हणजे वाईट, एवढंच आम्ही शिकवलं. ती चांगलीही असते आणि ती करायला मूळ उत्तर लिहिण्यापेक्षा जास्त लक्ष लागतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तेही नुकसान झाल्यावर.

तर मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे. हसू नका. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई पीएचपीवर काय लिहिणार, असं आमच्या घरातही सगळ्यांना वाटलं. पण गोष्ट आक्काची आहे, त्यामुळे नातेवाइकांनी तरी शेवटपर्यंत वाचावं. शेवटी त्यांच्याकडे एक कामही आहे.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, लग्न होऊन दौंडला गेली. तिला जात्यावरच्या ओव्या यायच्या. आईच्या, आजीच्या आणि सासरी आल्यावर तिथल्या बायकांकडून उचललेल्या. २०११ पासून मी शिरूरहून एसटीनं न्हावरे, चौफुला करत तिच्याकडे जायचे आणि छोट्या रेकॉर्डरवर तिच्या ओव्या उतरवून आणायचे. २०१८ पर्यंत एकेचाळीस ध्वनिफिती झाल्या. बहुतेक फितींमध्ये मागे रेल्वेची शिट्टी आहे. दौंड जंक्शनच्या इतक्या जवळ राहून ती टाळता येत नव्हती. शिट्टी वाजली की आक्का थांबायची, गाडी गेली की पुढची ओवी घ्यायची.

आक्काच्या नातवानं त्यासाठी एक साधी वेबसाइट करून दिली. मुख्य फोल्डरचं नाव 'ओव्या'. त्यात मुखपृष्ठ, माझं मनोगत, ओव्यांची यादी. त्याच्या आत 'आक्का' नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत वर्षावर्षाची फोल्डरं. शाळेच्या कपाटासारखं सगळं नीट लावलेलं. साइटवर चढवलं की मी रेकॉर्डर रिकामा करायचे. घरचा जुना संगणक २०२० साली भंगारात दिला. साइटवर आहे ना सगळं!

आक्का २०१९ साली गेली.

२०२२ साली साइटची जागा बदलायची ठरली. नातवानं पीएचपीत चार ओळी लिहिल्या, त्या चालवल्या आणि पडद्यावर उमटलं, 'सगळं कॉपी झालं.' मला तो शिरूरची आजी म्हणतो. फोन करून म्हणाला, "शिरूरची आजी, झालं गं काम." मी नवी जागा उघडून पाहिली. मुखपृष्ठ आलं, मनोगत आलं, एकेचाळीस ओव्यांची यादी आली. मला समाधान वाटलं. महिन्याभरात जुन्या जागेची मुदत संपली, ती आम्ही वाढवली नाही. पुढच्या वर्षी आक्काच्या श्राद्धाला सगळे जमलेले असताना मी पहिली ओवी लावायला गेले. वाजेना. दुसरी वाजेना. एकही वाजेना. यादी होती, आवाज नव्हता. जुन्या जागेवाल्यांकडे चौकशी केली. मुदत संपल्यावर त्यांनी सगळं पुसून टाकलं होतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

काय झालं असेल? मी नातवाला समोर बसवून एकेक ओळ समजावून घेतली. आयुष्यभर मुलांना समजावलं, आता विद्यार्थी व्हायची पाळी माझी होती.

पीएचपी ही वेबसाइट चालवणारी भाषा. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ साली लोकांसमोर आणली, तेव्हा तिचं नाव होतं पर्सनल होम पेज, म्हणजे आपलं घरगुती पानच. आज मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तीही पीएचपीत लिहिलेली आहे. या भाषेत 'कॉपी' नावाची एक आज्ञा आहे. ती एका फाइलची प्रत करते. फक्त फाइलची! तिच्या हातात फोल्डर दिलं तर ती नकार देते आणि तसा इशाराही देते. अख्ख्या फोल्डरची प्रत करणारी तयार आज्ञा त्या भाषेत नाही. ते काम लिहिणाऱ्यानं स्वतः बांधायचं असतं.

नातवानं बाहेरच्या फोल्डरमधल्या गोष्टींची यादी घेतली आणि प्रत्येकीला 'कॉपी' लावली. फाइली गेल्या, आतलं फोल्डर राहिलं. मग इशारा का दिसला नाही? कारण आज्ञेच्या आधी त्यानं ॲटचं चिन्ह घातलं होतं. पीएचपीत हे चिन्ह लावलं की त्या आज्ञेची कुरकुर पडद्यावर येत नाही. "आजी, ते इशारे फार घाण दिसतात गं," म्हणाला. आणि 'सगळं कॉपी झालं' हे वाक्य? ते शेवटच्या ओळीत त्यानंच लिहून ठेवलेलं. काम होवो न होवो, ते उमटणारच होतं.

मी त्याला रागावले नाही. मला १९८१ ची जनगणना आठवली. आम्हा शिक्षकांना ते काम असायचंच. माझ्याकडे शिरूरच्या जुन्या वस्तीतले काही वाडे होते. पहिल्या दिवशी मी रस्त्यावरूनच दारं मोजली. दुसऱ्या दिवशी एका वाड्यात पाणी प्यायला आत गेले तर चौकाच्या पलीकडे आणखी तीन बिऱ्हाडं! एका बिऱ्हाडाच्या मागच्या पडवीत म्हातारी आणि तिची नात, त्यांची चूल वेगळी. तेव्हापासून मी एकच नियम धरला. दार दिसलं की आत जायचं. आत माणसं असली तर लिहायची, आणखी दार दिसलं तर तिथे पुन्हा हाच नियम. दार उरलं नाही की मागे फिरायचं.

फोल्डरची प्रत करण्याची रीत नेमकी हीच आहे. नव्या जागी त्याच नावाचं रिकामं फोल्डर करायचं. जुन्यातली यादी घ्यायची. प्रत्येक नावाला विचारायचं, तू फाइल की फोल्डर? फाइल असेल तर प्रत. फोल्डर असेल तर त्याच्यासाठी हीच सगळी रीत पहिल्यापासून. म्हणजे त्या कामानं स्वतःलाच पुन्हा हाक मारायची. त्या यादीत दोन फसवी नावंही असतात. एक टिंब म्हणजे 'हेच फोल्डर' आणि दोन टिंबं म्हणजे 'याच्या बाहेरचं फोल्डर'. ती वगळली नाहीत तर आत जायच्या ऐवजी आपण पुन्हा उंबऱ्यावर येतो आणि तिथेच फिरत राहतो. प्रत मूळ फोल्डरच्याच पोटात ठेवली तरी तीच गत, प्रतीची प्रत, तिची प्रत... शिवाय पीएचपीच्या कामाला वेळेची मर्यादा असते, न बदलता ठेवली तर ३० सेकंद. मोठं फोल्डर असलं तर काम अर्ध्यावर तुटू शकतं. आणि प्रतीवर तारीख पडते ती प्रत केलेल्या दिवसाची, मुळातली नाही. आक्का २०१३ साली गायली हे त्या तारखेवरून पुढे कुणालाच कळणार नाही. म्हणून वर्ष नावातच लिहावं.

हे सगळं त्या मुलानं अर्ध्या तासात नीट लिहिलं. पंधरा-वीस ओळी. हे आधी केलं असतं तर?

इथे माझं मत मांडते. 'झालं' या शब्दावर आपण फार लवकर विश्वास ठेवतो. यंत्राच्याही आणि माणसाच्याही. मी मुलांच्या वह्या तपासताना पहिलं पान पाहून कधी सही केली नाही. पहिलं पान सगळ्यांचंच सुंदर असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि स्वतःच्या बहिणीच्या आवाजाच्या बाबतीत मी काय केलं? पहिलं पान पाहून सही केली. चूक नातवाच्या चार ओळींत होती, पण तपासायचं काम माझं होतं. त्या फोल्डरात काय आहे आणि ते किती आहे, हे जगात मला एकटीलाच माहीत होतं. त्याला ओव्यांची संख्याही ठाऊक नव्हती. ज्याला आतलं माहीत आहे त्यानंच प्रत पाहायची असते. ते काम संगणक येणाऱ्या मुलावर सोपवून चालत नाही.

आपल्याकडे हे जुनं आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतीवरून प्रती होत गेल्या, त्यांत पाठभेद शिरले. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. कशी? प्रती ताडून पाहून. आणखी एक प्रत करून ठेवणं सोपं होतं, ताडून पाहणं कष्टाचं होतं. आणि लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना ज्या लीळा आठवत होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हा गोळा कराव्या लागल्या. कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

ओव्यांचंच उदाहरण घ्यायचं तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांच्या मदतीनं लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बेर्नार बेल यांनी त्या संगणकात घालायला आणि ध्वनिमुद्रित करायला मदत केली. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. तरी २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या, त्यांत आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या बायकाही आहेत. ओवी कुठल्या गावची, गाणारी कोण, हे प्रत्येकीसोबत नोंदलेलं. जमवणारी माणसं गेली तरी काम उरलं, ते अशा नोंदीमुळे आणि एका हातातून दुसऱ्या हातात नीट गेल्यामुळे.

नातू म्हणतो, "आजी, आता सगळं क्लाउडवर असतं, एका बटणात बॅकअप होतो." असेल. बटण दाबायला माझी हरकत नाही. पण बटण दाबल्यावर मोजायचं. जुन्या जागी किती फाइली, नव्या जागी किती. एकूण आकार जुळतो का. सगळ्यात आतल्या फोल्डरमधली एखादी फाइल उघडून, वाजवून पाहायची. प्रत्येक फाइलचा एमडी५ नावाचा ठसा काढून दोन्हीकडचे ठसे जुळवता येतात, ते तर फारच उत्तम. हे सगळं होईपर्यंत जुनं पुसायचं नाही. आणि इशारे दिसू द्यायचे. घाण दिसले तरी दिसू द्यायचे. वर्गात न समजणारं मूल गप्प बसलं की शिक्षकाला वाटतं, सगळ्यांना समजलं.

आता आमच्या ओव्यांचं. २०१४ साली आक्काच्या अमृतमहोत्सवाला मी एक सीडी करून वाटली होती. ती दौंडच्या घरी देवघरातल्या फडताळात सापडली. तिच्यात सव्वीस ओव्या होत्या. चालली! सव्वीस परत आल्या. नंतरच्या पंधरा गेल्या. त्यांचे शब्द माझ्या वहीत आहेत, पण शेवटच्या वर्षांत तिचा आवाज बारीक झाला होता, ओवी अर्ध्यात सोडून ती "पुढचं तू म्हण" म्हणायची, ते वहीत नाही.

त्या सव्वीस आता एक शिरूरला, एक दौंडला, एक साइटवर अशा तीन जागी आहेत. गेल्या महिन्यात मी आणि नातू समोरासमोर बसून मोजल्या. तो एकेक फाइल वाजवत होता, मी वहीत खूण करत होते. दीड तास लागला. चहा दोनदा झाला.

आता नातेवाइकांनो, तुमचं काम. २०१४ ते २०१८ मध्ये आक्काकडे गेलेल्यांपैकी कुणी मोबाइलवर तिचं गाणं घेतलं असेल, बारशाच्या किंवा हळदीच्या व्हिडिओत मागे कुठे ती गात असेल, तर मला कळवा. जुना फोन कपाटात पडला असेल तर तो टाकून देऊ नका. अर्धी ओवी असली तरी चालेल. नुसतं मुखपृष्ठ पाहून 'आमच्याकडे काही नाही' असं मात्र सांगू नका. आतली फोल्डरं उघडून बघा.