हातरिक्षा जाऊदे, पण ओढणारा जायला नको



बाहेरचं कोणी माथेरानवर लिहिलं की गाडी नाही, हॉर्न नाही, तांबडी माती, एवढंच लिहितं. खरं आहे ते. पण लिहिणारा रविवारी संध्याकाळी खाली उतरतो. मागे राहतो आपण.

2011 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साडेचार हजारही नव्हती. एवढ्याशा गावात सिलेंडर, सिमेंट, भाजी सगळं दस्तुरीपासून कोणाच्यातरी डोक्यावरून, घोड्यावरून नाहीतर हातगाडीवरून येतं. पावसाळ्यात नेरळहून येणारी मिनीट्रेन बंद, अमन लॉजपासूनची शटल तेवढी चालते. अशा वेळी रात्री घरात कोणी आजारी पडलं तर काय होतं, ते आपणच जाणतो.

माझे वडील हातरिक्षा ओढायचे. पुढे एक, मागून दोघं ढकलणारे. घरी आले की गरम पाण्यात पाय सोडून बसायचे आणि म्हणायचे, "तू हे करायचं नाहीस." म्हणून 6 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. माणसाने माणसाला ओढणं ही काही जपायची परंपरा नाही.

पण त्याच निकालात ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असंही म्हटलंय. आपण मात्र पहिलं वाक्य लक्षात ठेवतो आणि दुसरं विसरतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हातरिक्षाचे परवाने 94. ई-रिक्षा द्यायची ती आधी या हातांना. ज्याच्याकडे पैसा त्याच्या नावावर रिक्षा आणि जुना रिक्षावाला त्याचा रोजंदार ड्रायव्हर, असं झालं तर आपण फक्त चाकं बदलली, बाकी काही नाही. दुसरं, सकाळी शाळेची पोरं आणि कधीही पेशंट, यांचा नंबर पहिला. पर्यटक नंतर.

घोडेवाल्या भावांची भीतीही खोटी नाही. त्यांचंही घर त्यावरच चालतं. दस्तुरी ते बाजार ई-रिक्षा, पॉइंटचे रस्ते घोड्यांना, असं एकत्र बसून ठरवता येईल. पण एकमेकांच्या विरोधात अर्ज करत बसलो तर ठरवणारे तिसरेच असतील.

आणि एक लक्षात ठेवा. आज ई-रिक्षा आली, उद्या "मग कार का नको?" विचारणारे येतील. 2003 पासून आपण पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहोत. गाड्या दस्तुरीला थांबतात म्हणून लोक इथे येतात आणि आपली चूल पेटते. तिथे सगळ्यांनी एका आवाजात नाही म्हणायचं.

पुढच्या बैठकीला रिक्षावाले, घोडेवाले, हमाल, दुकानदार, सगळे या. भांडू, पण समोरासमोर.