वेढा कोणी घातला होता?

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहराच्या डोक्यावर उभा असलेला होहेनसाल्झबर्ग किल्ला लढून कोणालाही घेता आला नाही, हे ऐकले की मराठी पर्यटकाची मान आदराने डोलते. गड म्हटला की चालून आलेला परका शत्रू आणि त्याच्याशी झुंजणारी शिबंदी, हे चित्र आपल्या मनात तयारच असते. इथे ते लागू पडत नाही. या किल्ल्याला एकदाच वेढा पडला, १५२५ साली, आणि तो घातला होता त्याच मुलखातल्या रयतेने.

गास्टाइनच्या सोन्याच्या खाणीत खपणारे कामगार आणि डोंगरातले शेतकरी चालून आले. शहरवासीयांनी त्यांना वेशीचे दरवाजे उघडून दिले. आर्चबिशप माथेउस लांग गडावर कोंडला गेला. धर्मगुरूही तोच आणि राजाही तोच. दोनच वर्षांपूर्वी त्याने याच शहराला फौजेच्या बळावर नमवले होते. वेढा उन्हाळाभर चालला, पण गड पडला नाही. आर्चबिशपच्या मदतीला श्वाबियन संघाची फौज आली आणि समझोता झाला. पुढच्या वर्षीचा उठाव मात्र चिरडला गेला.

या वेढ्याची एक दंतकथा तिथे हौसेने सांगतात. गडावर शेवटचा एकच बैल उरला होता. तो रोज वेगळ्या रंगात रंगवून तटावर फिरवला, तेव्हा खालच्यांना वाटले की वर अन्नाला तोटा नाही. गोष्ट झकास आहे. पण आपण ती तटाच्या आतून ऐकतो आणि नकळत आर्चबिशपच्या बाजूचे होतो. खालची माणसे कोणत्या जाचापायी घरदार सोडून इथवर आली, हे विचारायचेच राहून जाते.

गड मात्र ते सांगत असतो. १०७७ मध्ये त्याचा पाया घातला तोच एका आर्चबिशपने. लांगच्या आधीच्या लिओनहार्ड फॉन कॉइत्शाखने त्याला आजचे भव्य रूप दिले आणि आपले कुलचिन्ह, पानांसकट एक सलगम, जागोजागी दगडात कोरून ठेवले. ते शोधण्यात पोरे रमतात. गडाच्या अंगाने चढणारी जुनी मालगाडी तेवढ्याच कुतूहलाने पाहावी. १५१५ पासून तिची नोंद सापडते. लाकडी रूळ, जाड दोरखंड आणि ओढायला माणसे किंवा जनावरे. वरच्यांची रसद तिच्यावरून चढे. तीच वाट आजही मालवाहतुकीसाठी चालू आहे. पर्यटक १८९२ पासूनच्या दुसऱ्या रेल्वेने मिनिटभरात वर पोहोचतात आणि तटावरून फोटो काढतात.

आपल्या टूर लीडरांनी बैलाची गोष्ट जरूर सांगावी. तटापाशी उभे राहून, खाली शहराकडे बोट दाखवत, त्या खाणकामगारांबद्दल चार वाक्ये सांगायलाही वेळ लागत नाही.